घरचे यंत्र : नवी हार्ड डिस्क घेण्यापूर्वी

जबलपूरच्या एका वाचक भगिनींचे पत्र आमच्यापुढे आहे. पत्र चार पानांचे असून त्याची साडेतीन पाने घरातील एका वादाने व्यापली आहेत. २०१८ साली त्यांनी थोरल्या मुलासाठी संगणकावर खेळता येतील असे खेळ चालावेत म्हणून मुद्दाम एक यंत्र जुळवून घेतले. थोरला नोकरीनिमित्त परगावी गेला आणि संगणक धाकट्याच्या ताब्यात आला. आता त्या यंत्राची हार्ड डिस्क थकली आहे. संगणक सुरू होण्यास पंधरा-पंधरा मिनिटे लागतात, खेळ मध्येच गोठतो आणि पडद्यावर अधूनमधून डिस्क तपासण्याची सूचना उमटते. धाकट्या चिरंजीवांचे म्हणणे असे की, बाजारातील सर्वांत वेगवान एसएसडी घ्यावी. यजमानांचे म्हणणे असे की, होती तशीच, पण दुप्पट मोठी हार्ड डिस्क पुष्कळ कमी पैशांत मिळते. मुलांच्या खेळासाठी एवढा खर्च कशाला? दोघांपैकी कोणाचे ऐकावे, असा या भगिनींचा प्रश्न आहे.

पत्राच्या अखेरीस, सही करण्यापूर्वी, त्यांनी सहज म्हणून एक ओळ लिहिली आहे. याच डिस्कवर घरची सर्व छायाचित्रे आहेत, आणि सासूबाई हयात असताना थोरल्याने त्यांच्या जात्यावरच्या ओव्या मुद्रित करून ठेवल्या होत्या, त्याही तिथेच आहेत.

आमच्या मते पत्राचा आरंभ या ओळीने व्हावयास हवा होता.

असा प्रकार पुष्कळ घरी घडतो. खेळासाठी घेतलेल्या संगणकात जागा भरपूर असते. मोबाइल भरला की त्यातील छायाचित्रे तिकडे उतरवली जातात. लग्नाचे चित्रण, विम्याची कागदपत्रे, मुलीचे प्रबंध, वडिलांचा प्राप्तिकराचा हिशेब, सारे काही हळूहळू त्या एकाच पेटीत जाऊन पडते. ज्या वस्तूला आपण मुलाचे खेळणे म्हणतो ती नकळत घरातील सर्वांत मोठी ट्रंक होऊन बसते. आणि तिच्या कुलपाची काळजी मात्र कोणी घेत नाही. म्हणून नवी डिस्क कोणती, या प्रश्नाला हात घालण्यापूर्वी जुनीचे काय करावयाचे, हे पाहू.

प्रथम काय करावे

थकलेल्या डिस्कवरचा खेळ त्याच क्षणी थांबवावा. डिस्क आजारी पडली म्हणजे तिचे उरलेले आयुष्य मोजके असते, आणि ते खेळात घालवावयाचे की आपला ठेवा बाहेर काढण्यात, हे आपल्या हाती असते. एखादी बाहेरून जोडावयाची डिस्क आणावी आणि ज्याची दुसरी प्रत जगात कोठेही नाही, ते सर्वप्रथम उतरवून घ्यावे. जबलपूरच्या घरी हा क्रम असा राहील : प्रथम ओव्या, मग छायाचित्रे, मग कागदपत्रे. खेळ अखेरीस, किंबहुना नाहीच.

खेळ का नाही, त्याचा हिशेब साधा आहे. विकत घेतलेला खेळ विक्रेत्याच्या खात्यात आपल्या नावे नोंदलेला असतो. १५० जीबीचा खेळ १०० एमबीपीएस वेगाच्या इंटरनेटवरून पुन्हा उतरवून घेण्यास सुमारे ३ तास २० मिनिटे लागतात. खेळातील आपली प्रगती नोंदणाऱ्या छोट्या फाइली तेवढ्या जपाव्यात, कारण त्या प्रत्येक खेळात दूरच्या खात्यावर साठवल्या जातातच असे नाही. खेळाची किंमत अशी साडेतीन तासांत भरून निघते. सासूबाईंच्या ओव्यांना हा हिशेब लागू पडत नाही.

येथे काही पथ्ये सांगणे अवश्य आहे. आजारी डिस्क ‘दुरुस्त’ करणारे, किंवा तिची मांडामांड करून देणारे प्रोग्राम मजकूर बाहेर काढण्यापूर्वी चालवू नयेत. त्या श्रमाने ती दगावण्याचा संभव असतो. फॉरमॅट करण्याचा मोह तर मुळीच नको. डिस्कमधून टकटक असा ठोक्यांचा आवाज येत असेल, तर संगणक ताबडतोब बंद करावा आणि मजकूर मौल्यवान असल्यास तो काढून देणाऱ्या जाणकाराकडे द्यावी. थंड कपाटात ठेवावी, हलकेच ठोकावी, असले उपाय कोणी सुचवल्यास ऐकू नयेत. घरी उघडण्याचे साहस तर कोणीच करू नये. आत काय असते ते पुढे सांगतच आहोत. उलट, सर्वांत स्वस्त शंका सर्वांत आधी फेडावी, ती म्हणजे केबलची. कित्येकदा दोष डिस्कचा नसून तिला जोडणाऱ्या सैल अथवा खराब केबलचा असतो, आणि नव्या केबलला डिस्कच्या मानाने नगण्य खर्च येतो.

बहुतेक डिस्का आपल्या प्रकृतीची नोंद स्वतः ठेवतात. या नोंदीला ‘स्मार्ट’ असे नाव आहे, आणि ती वाचून दाखवणारे मोफत प्रोग्राम मिळतात. निकामी होऊन बाजूला टाकलेल्या जागांचा आणि वाचता न येणाऱ्या जागांचा आकडा तीत पाहावा. तो आठवड्यागणिक वाढत असेल, तर डिस्कचा निरोप जवळ आला असे समजावे.

फिरती आणि स्थिर

आता निवडीकडे वळू. सांप्रत बाजारात दोन जाती आहेत. जिला आपण हार्ड डिस्क म्हणतो ती फिरती, आणि जिला एसएसडी म्हणतो ती स्थिर. दोहोंचा स्वभाव कळला की अर्धी निवड झाली.

पहिली फिरती डिस्क १९५६ साली अमेरिकेतील आयबीएम कंपनीने ‘रॅमॅक’ नामक यंत्राबरोबर आणली. दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या एका आसावर मिनिटाला १,२०० फेरे घेत. कपाटाएवढा पसारा आणि टनभर वजन असूनही तिच्यात अवघी ५० लाख अक्षरे मावत. त्या यंत्राचे भाडे महिना ३,२०० डॉलर होते. आज तळहातावर मावणाऱ्या एक टीबीच्या डिस्कमध्ये त्या कपाटासारख्या दोन लाख कपाटांचा मजकूर राहतो. परंतु मूळ रचना तीच आहे. चुंबकीय लेप दिलेली तबकडी फिरते आणि तिच्यावर एक हेड, काही नॅनोमीटर इतक्याच अंतरावरून, तरंगत वाचत अथवा लिहीत जाते. धुळीचा कण त्या अंतराच्या मानाने डोंगराएवढा असतो. घरी डिस्क उघडू नये, ती यासाठीच.

या रचनेत वेगाला मर्यादा पडते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीस एका फेऱ्यास सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते, आणि हेड त्या रांगेवर पोहोचण्यास आणखी आठ-नऊ मिलिसेकंद जातात. म्हणजे विखुरलेले छोटे छोटे तुकडे गोळा करावयाचे झाल्यास अशी डिस्क सेकंदाला साधारण ७० ते ८० तुकडेच आणू शकते. मोठ्या पंगतीत एकच वाढपी असावा, तशी ही स्थिती आहे. वाढपी कितीही चपळ असला, तरी त्याला प्रत्येक पानापर्यंत चालत जावेच लागते.

एसएसडीमध्ये फिरणारा एकही भाग नसतो. जपानच्या तोशिबा कंपनीतील अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८० नंतरच्या दशकात पुढे आणलेल्या फ्लॅश स्मृतीवर ती आधारलेली आहे. मजकूर विद्युत्भाराच्या रूपाने चिपमध्ये राहतो, तिथवर कोणास चालत जावयाचे नसते, आणि सेकंदाला विखुरलेले तुकडे हजारोंच्या संख्येने हाती येतात. प्रत्येक पानापाशी स्वतंत्र वाढपी उभा असावा, तशी ही पंगत.

मग फिरती डिस्क टाकाऊ झाली काय? तसे मुळीच नाही. तितक्याच जागेला ती स्वस्त पडते. पंगतीला जी अडचण, ती कोठाराला नसते. वर्षाकाठी दोनदा उघडावयाच्या छायाचित्रांना सेकंदाला ७० तुकडे पुष्कळ झाले. शिवाय फिरती डिस्क पुष्कळदा आवाज करून, संथ होऊन, पूर्वसूचना देऊन जाते. एसएसडी मात्र कित्येकदा काही न बोलता एकाएकी बंद पडते. आणखी एक गोष्ट : एसएसडीतील विद्युत्भार वीज न मिळाल्यास फार सावकाश का होईना, ओसरतो. म्हणून छायाचित्रे एसएसडीत भरून ती वर्षानुवर्षे कपाटात ठेवून देणे शहाणपणाचे नाही.

खेळाला वेग किती लागतो

धाकट्या चिरंजीवांची बाजू आता न्यायाने ऐकली पाहिजे. खेळासाठी एसएसडी हवी, हा त्यांचा आग्रह निव्वळ हौसेचा नाही. पूर्वीचे खेळ फिरत्या डिस्कचा वेग गृहीत धरून रचले जात. २०१३ साली आलेल्या प्लेस्टेशन ४ या खेळयंत्रात फिरतीच डिस्क होती. २०२० च्या नोव्हेंबरात प्लेस्टेशन ५ आले ते ८२५ जीबीची एसएसडी घेऊन, आणि तेव्हापासून खेळ रचणाऱ्यांनी जुन्या डिस्कची भीड बाळगण्याचे सोडले. २०२३ साली संगणकासाठी आलेल्या ‘बाल्डर्स गेट ३’ या खेळाच्या किमान अपेक्षांतच १५० जीबी जागा आणि एसएसडी आवश्यक, असे नमूद आहे. त्याच वर्षीचा ‘स्टारफील्ड’ १२५ जीबी जागा मागतो आणि एसएसडीचीच अट घालतो. फिरत्या डिस्कवर असे खेळ चालवल्यास घोडा धावतो आणि रस्ता मागाहून उमटतो, भिंती प्रथम कोऱ्या दिसतात व नंतर त्यांवर विटा येतात. तेव्हा नव्या खेळांसाठी पुन्हा फिरतीच डिस्क घेणे, हे यजमानांचे म्हणणे आम्हांस मान्य करता येत नाही.

परंतु चिरंजीवांचे ‘सर्वांत वेगवान’ हे विशेषणही तितकेच तपासून घेतले पाहिजे. सलग वाचनाचा वेग पाहता फिरती डिस्क सेकंदाला साधारण १५० ते २५० एमबी देते. साटा जोडणीची एसएसडी सुमारे ५५० एमबी देते. एनव्हीएमई पद्धतीची एसएसडी तिसऱ्या पिढीत सुमारे ३,५००, चौथ्या पिढीत सुमारे ७,००० आणि पाचव्या पिढीत १४,००० एमबीपर्यंत पोहोचते. आकडे डोळे दिपवणारे आहेत. प्रत्यक्षात मात्र सुखाची मोठी उडी पहिलीच असते, फिरतीकडून कोणत्याही एसएसडीकडे. त्यापुढे खेळ उघडण्याच्या वेळेत बहुधा काही सेकंदांचाच फरक पडतो, कारण डिस्कने आणून दिलेला माल उलगडून मांडण्याचे काम प्रोसेसरला करावे लागते आणि त्याला त्याचा वेळ लागतोच.

आणि चिरंजीवांनी हेही ध्यानी धरावे की, डिस्क बदलल्याने खेळातील चित्रे अधिक सुबक होत नाहीत. सेकंदाला किती चित्रे उमटावीत हे मुख्यत्वे ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर ठरवतात. डिस्कच्या उणिवेमुळे बसणारे हिसके तेवढे नव्या डिस्कने थांबतात.

यंत्रात काय बसते

आम्ही त्या भगिनींकडून संगणकाच्या मदरबोर्डचे नाव मागवून घेतले. आपणही दुकानी जाण्यापूर्वी एवढे करावे. नाव मदरबोर्डवरच छापलेले असते, आणि त्यावरून त्याची पुस्तिका निर्मात्याच्या संकेतस्थळावर मिळते.

पाहावयाच्या गोष्टी तीन. पहिली, एम.२ नावाची चपटी खाच आहे काय. या खाचेत बसणारी एसएसडी च्युइंगगमच्या पट्टीएवढी असते. तिच्या नेहमीच्या मापाला २२८० म्हणतात, म्हणजे रुंदी २२ मिलिमीटर व लांबी ८० मिलिमीटर. दुसरी, ती खाच कोणत्या पद्धतीची आहे. दिसण्यात सारख्या असलेल्या खाचांपैकी काही फक्त साटा, काही फक्त एनव्हीएमई, तर काही दोन्ही चालवतात. भलती पट्टी आणल्यास ती बसेल पण दिसणार नाही. तिसरी, ती खाच वापरली असता साटाची एखादी जागा बंद पडते काय. काही मदरबोर्डांत तसे होते, आणि मग आधीची डिस्क बिघडली असा निष्कारण भ्रम होतो.

जबलपूरच्या यंत्रात एक एम.२ खाच आहे, ती एनव्हीएमई चालवते, परंतु तिसऱ्या पिढीची आहे. चौथ्या किंवा पाचव्या पिढीची एसएसडी तिच्यात चालेल, पण धावेल तिसऱ्या पिढीच्याच वेगाने. अरुंद बोळात मोठी मोटार आणल्याने बोळ रुंद होत नाही. तेव्हा पाचव्या पिढीच्या एसएसडीसाठी मोजलेला जादा पैसा या घरी वाया गेला असता. ज्यांच्या मदरबोर्डास एम.२ खाच नसेल त्यांनी अडीच इंची साटा एसएसडी घ्यावी. वर सांगितलेल्या पहिल्या उडीचे सुख तिच्यातही जवळजवळ पूर्ण मिळते.

दोन बारीकसारीक गोष्टी सांगून ठेवतो, कारण त्यांपायी दुकानी दुसरी फेरी पडते. सुटी साटा डिस्क घेतल्यास तिच्याबरोबर केबल बहुधा येत नाही, ती वेगळी मागावी. आणि एम.२ पट्टी ज्या इवल्याशा स्क्रूने बसवावयाची, तो जुन्या मदरबोर्डाबरोबर मिळालेला असतो आणि कालौघात हरवलेला असतो. तोही मागून घ्यावा.

जागा किती, प्रत कोणती

एक टीबीची एसएसडी लावली की विंडोज तिची जागा ९३१ जीबी दाखवते. दुकानदाराने फसवले, असे समजू नये. निर्माते एक टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट धरतात, आणि विंडोज १,०२४ च्या पटीत मोजते, एवढाच तो भेद. त्यातून विंडोज व इतर प्रोग्राम यांची जागा वजा करावी, आणि डिस्क सुखाने चालावी म्हणून सहावा-सातवा भाग मोकळा सोडावा. उरलेल्या जागेत १५० जीबीचे चार खेळ बसतात. एका वेळी दोन-तीन खेळ खेळणाऱ्याला एक टीबी पुरे. ज्याच्या घरी दोघे भाऊ एकाच यंत्रावर वेगवेगळे खेळ खेळतात, त्याने दोन टीबीचा विचार करावा. दोन टीबीहून मोठी डिस्क घेणाऱ्यांनी ती मांडताना जीपीटी ही पद्धत निवडावी. जुन्या एमबीआर पद्धतीस दोन टीबींपलीकडचे दिसत नाही.

एसएसडीच्या खोक्यावर टीएलसी किंवा क्यूएलसी अशी अक्षरे असतात. पहिलीत एका पेशीत तीन बिट साठवतात, दुसरीत चार. दाटीवाटी जितकी अधिक, तितकी किंमत कमी आणि लिहिण्याचा दमही कमी. लिहून लिहून एसएसडी झिजते, ही भीती पुष्कळांना वाटते. एक टीबीच्या कित्येक टीएलसी एसएसडींना निर्माते ६०० टीबी लिहिण्यापर्यंत हमी देतात. दररोज ५० जीबी लिहिले, तरी ते संपण्यास जवळजवळ ३३ वर्षे लागतील. क्यूएलसीची हमी २०० टीबीची धरली तरी ती ११ वर्षे जाते. तेव्हा घरगुती वापरात झिजेची चिंता नको. फरक जाणवतो तो एका वेळी शंभरसव्वाशे जीबी लिहिताना. क्यूएलसी अशा वेळी मध्येच दमते आणि कित्येकदा फिरत्या डिस्कइतकी मंदावते. किमतीतील अंतर थोडे असेल तर टीएलसी घ्यावी, मोठे असेल तर क्यूएलसीने खेळ अडणार नाही.

दुकानात

मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस, बेंगळुरूचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट, कोठेही गेलात तरी नियम तेच. पक्के बिल घ्यावे आणि डिस्कचा अनुक्रमांक त्यावर लिहून घ्यावा. घरी येताच तो क्रमांक निर्मात्याच्या संकेतस्थळावर घालून हमी किती वर्षांची व कधीपर्यंत आहे ते पाहावे. वर सांगितलेली ‘स्मार्ट’ नोंद नव्या डिस्कचीही वाचावी. तीत डिस्क किती तास चालली हे असते. कोऱ्या डिस्कचा तो आकडा शून्याजवळ असला पाहिजे. तो हजारांत निघाला तर ती वापरलेली आहे, आणि त्याच दिवशी परत करणे श्रेयस्कर. अविश्वसनीय स्वस्त दराने कोणी अनेक टीबीची डिस्क देऊ लागल्यास सावध असावे. काहींची जागा केवळ पडद्यावर दिसण्यापुरती असते. डिस्क काठोकाठ भरून पुन्हा वाचून पाहिली की सोंग उघडे पडते.

किमतींविषयी एवढेच सांगतो की, त्या स्थिर नसतात. २०११ साली थायलंडमध्ये महापूर आला, हार्ड डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले आणि तिची किंमत साऱ्या जगात कडाडली. म्हणून मागल्या वर्षी शेजाऱ्याने काय दिले हे न पाहता, आज दर टीबीस काय पडते ते दोन-तीन ठिकाणी विचारावे.

हमीपत्राविषयीचा एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. तीन अथवा पाच वर्षांची हमी असते ती डिस्कची. मुदतीत बिघडल्यास निर्माता नवी डिस्क देईल, जुनी घेऊन जाईल, आणि तिच्यावर काय होते हे विचारणार नाही.

आमचा निर्णय

एवढे सांगितल्यावर जबलपूरच्या वादाचा निकाल सोपा होतो. एकाच डिस्ककडून पंगत आणि कोठार या दोन्हींची अपेक्षा केल्यामुळे पितापुत्रांत वाद उत्पन्न झाला. दोघांचेही अर्धे बरोबर आहे. संगणकात एक टीबीची साधी एनव्हीएमई एसएसडी बसवावी. तिच्यावर विंडोज आणि खेळ. सर्वांत वेगवान घेण्याचे कारण नाही. त्यातून जो पैसा वाचेल त्यात बाहेरून जोडावयाची एक फिरती डिस्क घ्यावी. तिच्यावर घरचा ठेवा, आणि ती एरवी संगणकापासून काढून कपाटात. आजारी डिस्कची हुबेहूब नक्कल न करता विंडोज नव्याने बसवावे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने, यंत्रास चालत असेल तर विंडोज ११ च घ्यावे.

परंतु कपाटातील ती एक डिस्क म्हणजेही एकच प्रत. जाणत्यांचा नियम असा आहे की, मौल्यवान गोष्टीच्या प्रती तीन असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि एक तरी घराबाहेर असावी. घराबाहेर म्हणजे इंटरनेटवरील एखादे खाते चालेल. नाही तर आपल्याकडे माहेर आहे, नणंदेचे घर आहे, थोरल्याची परगावची खोली आहे. दिवाळीला जाताना फराळाच्या डब्याबरोबर एक छोटी डिस्क न्यावी आणि गेल्या वर्षीची परत आणावी, इतके हे सोपे आहे.

जुनी डिस्क भंगारवाल्याला देऊ नये. तिच्यावरील मजकूर पुसलेला दिसला तरी पुष्कळदा वाचता येतो. ती इलेक्ट्रॉनिक कचरा रीतसर घेणाऱ्या केंद्राकडेच द्यावी, आणि तेही नवी प्रत उघडून, एकेक फाइल तपासून झाल्यावर.

ही सूचना आम्ही त्या भगिनींना आधीच कळवली होती. त्यांचे दुसरे पत्र आले आहे. खेळ बंद ठेवण्यास धाकटा प्रथम नाखूश होता, परंतु प्रती उतरवण्याचे काम शेवटी त्यानेच केले; डिस्क मध्येमध्ये अडत असल्याने ते दोन दिवस चालले. छायाचित्रे बहुतेक सर्व आली. ओव्यांच्या चौदा फाइलींपैकी बारा नीट निघाल्या. एक उघडली नाही. पण तीच ओवी सात वर्षांपूर्वी थोरल्याने आत्याला मोबाइलवर पाठवली होती आणि आत्याने ती पुसली नव्हती, म्हणून मिळाली. आणखी एक अर्ध्यावर तुटते. तिची दुसरी प्रत कोणाकडेच नाही. पुढच्या ओळी घरात कोणाला पाठही नाहीत.

एसएसडी बसली आहे, धाकट्याचा खेळ सुरळीत चालतो, आणि यजमानांनी फिरत्या डिस्कच्या खोक्यावर आपल्या हाताने तारीख घातली आहे. पत्राच्या अखेरीस त्या लिहितात की, आता दुसरी प्रत दिवाळीत आत्याकडे जाणार आहे.

वाचकहो, आपल्या घरचा संगणक आज व्यवस्थित चालत असेल, तर हाच मुहूर्त बरा. त्यात ज्याची दुसरी प्रत नाही असे काय आहे, एवढे आज संध्याकाळी पाहून ठेवावे. नवी डिस्क कोणती घ्यावी, ते मग सावकाश ठरवता येईल.